शेवटच्या दाढेची गाडी

पहिल्याच दिवशी त्यांनी मला अर्ध्या गल्लीतून परत बोलावलं. सातची बस गाठायची म्हणून मी धावत निघाले होते. मागून हाक आली, "ओ सिस्टरबाई! वापस या, वापस या!" डबा राहिला की काय म्हणून धापा टाकत परत आले, तर घरमालक व्हरांड्यात शांतपणे बसलेले. म्हणाले, "डबल बेल झाली नाही, अन् गाडी हालली कशी?" मग डोक्यावरची दोरी दोनदा ओढली. टिंग टिंग. "हं. आता जा."

बस चुकली ती चुकलीच. दिवसभर मी त्यांच्या नावानं बोटं मोडत होते.

एस.टी.त कंडक्टर होते आबाजी, आमचे घरमालक, तीसेक वर्षं. निवृत्त झाले, पण गाडीतून काही उतरले नाहीत. भंगारात निघालेल्या गाडीची हिरव्या रेक्झिनची सीट त्यांनी कुठूनशी आणून व्हरांड्यात बसवली होती, आणि सीटच्या वर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी आणि घंटी. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. पाण्याची मोटर बंद करायची तर आधी एक घंटी द्यायचे, मग उठून बटण दाबायचे. सकाळी बुद्धवंदना म्हणून झाली की डबल बेल, तेव्हा कुठे त्यांचा दिवस हलायचा. सीटवर स्वतः कधी आतल्या बाजूला बसले नाहीत. "ते खिडकी हाय, पॅसेंजरची जागा." खिडकी कसली, नुसती भिंत होती हो तिथे. पण आल्यागेल्याला तिथेच बसावं लागायचं.

वेळ ते घड्याळात सांगायचे नाहीत. आयुष्यभर त्यांनी एकच फेरी जास्त केली, नांदुऱ्याहून निघायचं, मोताळा घ्यायचा आणि पुढे धामणगाव बढे. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट याच रस्त्यावर कुठेतरी असायची. "आबाजी, दूधवाला?" "मोताळ्याले आला अशीन." म्हणजे अर्ध्यात आहे. मला एकदा ताप आला तर जिन्याखालून विचारत होते, "सिस्टरबाई, ताप कुठवर आला?" मी वरून ओरडले, "धामणगावला पोचला, उतरतोय आता!" त्यावर खालून समाधानाचा हुंकार ऐकू आला. वैतागत वैतागत मीही त्याच भाषेत बोलायला लागले होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

तोंडात त्यांच्या एकही दात नव्हता. गाडीत झोप येऊ नये म्हणून तंबाखू मळायची सवय लागली, तिनं एकेक करून सगळे नेले. कवळी होती, पण ती स्टीलच्या डब्यात झाकून ठेवलेली. बाहेर जाताना, पाहुणे आले तर, तेवढ्यापुरती लावायचे. "कवळी म्हंजे युनिफॉर्म. ड्युटीवर असलं त घालाचा." हरभऱ्याचे फुटाणे हा त्यांचा जीव की प्राण. पण कवळीनं फुटाणे फुटत नाहीत, आणि कुटून खाण्यात त्यांना राम वाटायचा नाही. "आवाज नाही तं फुटाना कायचा?" म्हणायचे.

त्यांची एक गोष्ट त्यांनी मला पंचवीस वेळा तरी सांगितली असेल. पहाटेची गाडी होती. मोताळ्याला सगळी गाडी खाली झाली, एकसुद्धा पॅसेंजर उरला नाही. ड्रायव्हर म्हणाला, चला फिरवू इथूनच, रिकामी गाडी धामणगावला नेऊन काय दगड भरायचे? हे म्हणाले, "फेरी रद्द होनार नाही," आणि दिली डबल बेल. धामणगावला पोचले तर झाडाखाली एक पोरगी उभी, हातात पॅड, रडकुंडीला आलेली. तिचा दहावीचा पेपर होता. गाडी गेली नसती तर पोरीचं वर्ष गेलं असतं. "पाय, सिस्टरबाई," ते दर वेळी म्हणायचे, "गाडी रिकामी का होईना, शेवटच्या गावाले गेलीच पायजे." मी दर वेळी हो हो म्हणायचे आणि मनात म्हणायचे, बरं बाई, कळलं.

ही गोष्ट माझ्याच घरात येऊन आदळेल असं कुठे वाटलं होतं!

तेव्हा माझा नवरा नोकरीसाठी पुण्याकडे होता. मी नांदुऱ्यात खोली घेऊन मुलीला, परीला, घेऊन राहत होते. परी सहा वर्षांची. मी आरोग्य सेविका, सकाळी सातच्या बसनं माझ्या उपकेंद्राच्या गावाला जायचे. परीला शाळेच्या ऑटोपर्यंत आबाजी सांभाळायचे. गावोगाव मी बायकांना काय काय सांगायचे! लेकरांना दोन वेळा ब्रश करायला लावा, गोळ्या-चॉकलेट कमी द्या, दुधाचे दात म्हणून दुर्लक्ष करू नका. आणि घरी? घरी मी दमून यायचे, पोरगी ताटावरच पेंगायची, आणि मी मनाशी म्हणायचे, जाऊ दे, पडणारेच दात आहेत.

एक दिवस परीचा गाल सुजला. दुधाची दाढ आतून पार किडली होती, काढावी लागली. दवाखान्यात ती इतकी किंचाळली की बाहेर बसलेली माणसं उठून गेली. त्यानंतर ब्रश दिसला की ती तोंड घट्ट मिटून घ्यायची. मी चुचकारलं, दटावलं, एकदा तर हनुवटी धरून जबरदस्तीनं ब्रश आत घातला. तिनं माझ्या बोटाला चावा घेतला आणि पलंगाखाली जाऊन बसली.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, तरुण होत्या. त्यांनी मला आरशातून दाखवलं. दुधाच्या दातांच्या मागे, अगदी शेवटी, उजवीकडे खाली एक नवी कोरी दाढ आली होती. "ताई, ही पडणारी नाही बरं का. ही तिची आयुष्यभराची आहे. आत्ताच हिच्यावर पांढुरका डाग दिसतोय. रोज नीट घासली तर डाग इथंच थांबेल. नाही घासली तर मशीननं कोरावी लागेल, आणि या वयात एकदा कोरली की पुढे आयुष्यभर तिचं काही ना काही चालूच राहतं."

दुसऱ्यांच्या लेकरांचे दात बघत फिरणारी मी, आणि माझ्याच लेकराची आयुष्यभराची दाढ आल्या आल्या जायला निघाली होती. लाज वाटली मला, खरंच लाज वाटली.

तेव्हा शाळेतल्या एका आईनं ते ॲप सांगितलं. त्यात एक मगर होती. ती गाणं म्हणायची, पोरानं फोनच्या कॅमेऱ्यासमोर दोन मिनिटं दात घासायचे, हलता ब्रश आणि दात दिसले की मगर नाचायची, शेवटी मुकुट घातलेला फोटो काढायची आणि एक तारा द्यायची. माझ्या जुन्या फोनवर मी ते टाकलं आणि फोन परीजवळ ठेवला. सकाळी ती ब्रश करणार, आणि तारा मिळाला की माझ्या फोनवर 'शाब्बास' येणार. परी मगरीवर एकदम खूश झाली. आबाजी मात्र नाक मुरडत होते. "दात घासाले मगर काऊन पायजे? मगरीचे दात कोन घासते मंग?"

पण चमत्कार झाला. रोज सकाळी साडेसातला, मी बसमध्ये असताना, फोन वाजायचा. शाब्बास! एक तारा. दुसरा. सातवा. रविवारी मी घरी असायचे, तर परी फोन आणि ब्रश घेऊन खाली पळायची. "मी आबाजीसोबतच घासते!" मला काय, मी धन्य. गावात बायकांना मी फोन उघडून तारे दाखवायचे. "बघा, माझी पोरगी ब्रशला हात लावत नव्हती!" चार-पाच जणींच्या फोनवर ते ॲप मी स्वतः टाकून दिलं.

एकवीस तारे झाले आणि मी परीला घेऊन दवाखान्यात गेले, छाती काढून. डॉक्टरीणबाईंनी परीचं तोंड कसंबसं उघडायला लावलं, बघितलं, आणि माझ्याकडे वळल्या.

"ताई, हिनं ब्रश केलाय का?"

"म्हणजे काय! रोज! एकवीस दिवस!"

"दातांवर थर तसाच आहे. तो डागही वाढलाय."

मला असा राग आला! म्हटलं पुरावाच दाखवते. ॲप उघडलं, आजवर कधी न बघितलेले मगरीचे फोटो उघडले आणि फोन त्यांच्यापुढे धरला. डॉक्टरीणबाई बघत राहिल्या. मग त्यांनी ओठ दाबले. मग मी बघितलं.

फोटोत परी नव्हतीच. एक सुरकुतलेला हात होता, हातात कवळी होती, कवळीवर ब्रश होता आणि वर सोनेरी मुकुट. पुढचा फोटो तसाच. त्याच्या पुढचा तसाच. एकवीसच्या एकवीस.

"कवळी मात्र झकास घासलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांना हसू आवरेना. परी छताकडे बघत होती. मला मात्र हसू आलं नाही. कानशिलं तापली होती. आता डाग वाढला होता. त्यांनी दाढेवर कसलासा लेप लावला आणि दोन महिन्यांची मुदत दिली. "तोवर नाही थांबला तर मग मशीनच."

घरी येईपर्यंत परीनं सगळं सांगून टाकलं. पहिल्या दिवशी तिनं ब्रश तोंडात घातला नाही, तेव्हा मगर रडायला लागली आणि पडद्यावर लाल फुली आली. आबाजींनी विचारलं, ही फुली कसली? परी म्हणाली, आजचा दिवस रद्द. बस! रद्द म्हटल्यावर ते थोडेच ऐकणार! त्यांनी डबा उघडला, कवळी काढली आणि मगरीसमोर धरून घासली. मगर नाचली. फेरी रद्द झाली नाही.

मी फाटकातूनच सुरू झाले. काय काय बोलले ते आता आठवून अंगावर काटा येतो. ते सीटवर बसून ऐकत होते. शेवटी मी म्हणाले, "तुमच्या तोंडात एक दात नाही, तुम्हाला काय कळणार दाताची किंमत! तुमच्या त्या फेरीपायी माझ्या पोरीची दाढ चालली!"

कवळीचा डबा मांडीवर होता, त्याचं झाकण त्यांनी हळूच लावलं.

दोन दिवस घंटी वाजली नाही. मी बिनघंटीची गेले, बिनघंटीची आले. मोटर मुकाट्यानं बंद व्हायची. परीला मी शेजारणीकडे सोडायला लागले. राग होताच, पण गल्लीतून निघताना पाय आपोआप अडखळायचे, मागे काहीतरी राहिलंय असं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर पावलं वाजली. ते वर कधी येत नसत, गुडघे दुखायचे. दार उघडलं तर आबाजी, खाकी सदरा इस्त्रीचा, कवळी लावलेली. पूर्ण युनिफॉर्म.

"सिस्टरबाई, म्या लई इचार केला," ते उभ्या उभ्याच म्हणाले. "म्या गाडी रिकामी नेली, ते काही चुकलं नाही. पन शेवटच्या गावाले पॅसेंजर उभी होती ना. परी उभी होती. तिले न घेताच म्या गाडी वापस आनली. असं म्या सर्विसमंदी कधी केलं नोतं." मग जरा थांबून म्हणाले, "मले दोन महिने द्या. म्या आनतो तिले."

मी म्हटलं, "चहा घ्या आधी." तर म्हणाले, "ड्युटीवर चहा नाही घेत."

तो रविवार होता, मी घरीच होते. व्हरांड्याच्या कोपऱ्यात एक बेसिन होतं. त्यांनी घंटीची दोरी तिथवर ओढून आणली आणि तिचं टोक परीच्या हातात दिलं. हे पाहून मी थक्क झाले. त्या दोरीला मला कधी हात लावू दिला नव्हता त्यांनी. "तीस वर्सं झाले, पॅसेंजरच्या हाती दोरी देल्ली नाही," ते परीला म्हणाले. "आज तुले देतो. तू एक घंटी मारली की गाडी थांबनार. तुह्या आईचा बाप आला तरी हालनार नाही. दोन मारल्या त चालनार. समजलं?"

परी बघत राहिली. "खरंच थांबणार?"

"मारून पाय ना बे."

त्यांनी स्वतःची कवळी हातात घेतली. "हे माही गाडी. ते तुही गाडी. दोनी संगं निंघतीन." मगरीचा फोन मात्र त्यांनी कट्ट्यावर पालथा ठेवला. मी म्हटलं, अहो, कॅमेरा? तर म्हणाले, "डोये मगरीवर अन् ब्रश डेपोत, असं चालते का? तिनं गानं म्हनावं. गानं सरलं की फेरी सरली. पाहाचं काम आपलं."

पुढचे दात म्हणजे नांदुऱ्याचं स्टँड. तिथे परी तयार झाली. बाजूचे दात मोताळा. मोताळ्याला पोचायच्या आधीच तिला उमासा आला आणि तिनं घंटी मारली. टिंग. आबाजींचा ब्रश कवळीवर जागच्या जागी थांबला. मीही श्वास रोखून थांबले. "पॅसेंजरले मळमळून राह्यलं," ते भिंतीकडे बघत ड्रायव्हरला सांगावं तसं म्हणाले, "थांब जरा." कोणी घाई केली नाही. कोणी हनुवटी धरली नाही. मगर आपलं गाणं म्हणत राहिली. मग कितीतरी वेळानं, टिंग टिंग.

पहिल्या दिवशी गाडी मोताळ्यातूनच परत आली. मी हिरमुसले, तर आबाजी म्हणाले, "रस्ता नवा हाय. धीर धरा." त्या आठवड्यात परीनं किती घंट्या मारल्या त्याची गणतीच नाही. नुसतं थांबवता येतंय ना, हे बघायलाही मारायची. आणि ते दर वेळी थांबायचे, अगदी दर वेळी. तुम्हाला सांगते, मी आई असून मला हे सुचलं नव्हतं. मी फक्त ब्रश आत घालायचा कसा याच विचारात होते.

आठ-दहा दिवसांनी एका सकाळी मी सातची बस मुद्दाम सोडली आणि जिन्यात उभी राहून बघत होते. आबाजी पुकारत होते, "चला, मोताळा गेलं! धामनगाव बढे, धामनगाव बढे! शेवटचं गाव! गाडी वळवाले जागा कमी हाय, हळू घ्या!" परीचा ब्रश उजवीकडे खाली, अगदी मागे गेला. दोरी तिच्या डाव्या हातात होती. मी त्या हाताकडेच बघत होते. तो हलला नाही. ब्रश तिथे वळला, पुन्हा वळला, आणि मगरीचं गाणं संपलं.

"झाली फेरी!" आबाजी म्हणाले. परी फेसाळलेल्या तोंडानं हसली. त्यानंतर वरच्या बाजूच्या शेवटच्या दाढेला त्यांनी वरवट बकाल या दुसऱ्या गावाचं नाव दिलं, आणि संध्याकाळची जादा फेरीही सुरू केली. मी थकून आले तरी सुटका नव्हती, खालून आवाज यायचा, "सिस्टरबाई, मुक्कामी गाडी लागली! पॅसेंजर पाठवा!"

दोन महिने झाले त्या दिवशी ते आमच्यासोबत दवाखान्यात आले, युनिफॉर्ममध्ये. खुर्ची बघितली आणि परीचा चेहरा पांढरा पडला. तोंड पुन्हा घट्ट मिटलं. म्हटलं, झालं, सगळं पाण्यात. आबाजी पुढे झाले आणि सदऱ्याची बाही तिच्या मुठीत दिली. मग डॉक्टरीणबाईंकडे वळून, अगदी अदबीनं, म्हणाले, "म्याडम, तिनं एकदा वढलं त हात थांबवाचा. दोनदा वढलं त चालू द्याचा. येवढी मेहरबानी करा."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. परीनं बाही दोनदा ओढली आणि तोंड उघडलं.

मधे एकदा तिनं ओढलं. डॉक्टरीणबाईंनी खरंच हात मागे घेतला. पुन्हा दोनदा. मग आरसा आत गेला, दिवा खाली आला, आणि डॉक्टरीणबाई त्या शेवटच्या दाढेकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता म्हणतील, मशीन. मी भिंत धरून उभी होते.

"थांबलाय," त्या म्हणाल्या. "डाग होता तिथंच थांबलाय ताई. कोरायची काही गरज नाही. वरून एक थर देते म्हणजे किडीला शिरायला जागा नको. छान घासलीय हो दाढ!"

मी मटकन स्टुलावर बसले. रडायला आलं आणि हसायलाही आलं, दोन्ही एकदम. किती दिवस माझ्या छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं. आबाजी दोन्ही हात मागे बांधून उभे होते. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "म्हंजे गाडी पोचली म्हना."

"पोचली, आबाजी," मी म्हणाले. "आणि मी त्या दिवशी जे बोलले ते..."

"काय बोल्ल्या? मले काही आयकू नाही आलं. इंजनाचा आवाज लई होता."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, तासभर हिला काही खायला देऊ नका. येताना स्टेशनच्या बाजूला आबाजींनी एका हातगाडीवरून गरम फुटाण्यांचा पुडा घेतला आणि तो घरापर्यंत सदऱ्याच्या खिशात जपून आणला. परी सीटवर खिडकीच्या बाजूला, ते कडेला, मी पायरीवर. पुडा मधे. परी दर दोन मिनिटांनी विचारायची, "झाला तास?" ते म्हणायचे, "आत्ता तं स्टँड सोडलं." मग, "मोताळ्याले आलो." मग कितीतरी वेळानं, "धामनगाव दिसून राह्यलं."

शेवटी त्यांनी दोरी दोनदा ओढली. पुडा उघडला. सालं काढून एक फुटाणा तिच्या हातावर ठेवला.

"उजवीकडच्या खालच्या दाढेनं खाय. एकदम शेवटच्या," ते म्हणाले. "अन् तोंड माह्या कानापाशी आन. मले आयकू दे."

परीनं कानाजवळ तोंड नेलं आणि चावला. कुडुम. आबाजींनी डोळे मिटले.

"आनखी एक," ते म्हणाले.

मी माझ्या वाट्याचे फुटाणे मुठीत तसेच धरून बसले. मधे माझा आवाज नको म्हणून.